हौसाबाईच्या वाटेचा नकाशा

कणकवली, ता. ११ मे १९५८

ती. भाई,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. तुझं पत्र आधी गावी गेलं. पोस्टमास्तरांनी ते चार दिवस स्वतःकडे ठेवलं आणि मग 'बाई शिकायला गेल्या' असा शेरा मारून इथं पाठवलं. बत्तीस वर्षांची मास्तरीण स्वतःच शिकायला जाते, याचं गावाला अजून हसू येतंय. तू हसायचं नाहीस, कारण मला शिकायची खोड लावलीस ती तूच. एकोणिसाव्या वर्षी मी पांढऱ्या कपाळाने माहेरी परत आले तेव्हा सगळे म्हणाले, हिला चुलीपाशी बसवा. तू एकटा म्हणालास, हिला ट्रेनिंगला घालूया. त्यावरून बाबा तुझ्याशी पूर्ण श्रावण बोलले नव्हते.

तर वर्ग शिक्षकांचा आहे. गावाचा नकाशा मुलांकडून कसा करून घ्यावा, हे शिकवतात. सव्वीस गुरुजी आणि दोन बाया होतो. दुसरीच्या सासूने चौथ्या दिवशी माणूस पाठवून तिला नेलं, आता मी एकटी. शिकवायला गंगाराम मास्तर आहेत. मोजणी खात्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले, अर्धा जिल्हा साखळीने मोजलेले, आणि आवाज असा की तळेऱ्याच्या नाक्यावर ऐकू जावा.

हत्यारं फारशी नाहीत. तीन पायांवर उभा केलेला एक गुळगुळीत फळा, त्याला प्लेनटेबल म्हणतात. त्यावर कागद डकवायचा. एक पट्टी, तिच्या दोन्ही टोकांना उभ्या फटी. लोखंडी साखळी. लाल-पांढऱ्या काठ्या. आणि एका लांबट पेटीत होकायंत्राची सुई. फटीतून झाड बघायचं आणि कागदावर त्या दिशेने रेघ मारायची. मग दुसऱ्या ठिकाणी जाऊन तेच झाड पुन्हा बघायचं, पुन्हा रेघ. दोन रेघा जिथं एकमेकींना छेदतात, तिथं झाड. मला पहिल्यांदा ते जमलं तेव्हा मी चक्क टाळी वाजवली आणि सव्वीस गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. माझ्या पहिल्या नकाशात शाळेची विहीर हमरस्त्याच्या मधोमध आली होती, हे मात्र वहिनीला सांगू नकोस.

गंगाराम मास्तरांचा एकच मंत्र आहे. नव्या जागी टेबल मांडलंत की आधी मागं बघा. ज्या जागेवरून आलात तिथली काठी फटीतून दिसली पाहिजे, कागदावरची रेघ तिच्यावर बसली पाहिजे, मगच पुढचं काम. सुईवर विसंबायचं नाही, सुई नुसती ताळा पाहायला. औषधासारखं दिवसातून तीनदा ते हे पाजतात.

आता तुझ्या पत्राबद्दल. शेजारची हौसाबाई मामलेदाराकडे गेली हे मला ठाऊक होतं. तू आपल्या जागेला दगडी गडगा घालणार म्हटल्यावर ती दुसरं काय करणार? तिच्या घराला ती एकच वाट. गडगा पडला तर तिने आणि तिच्या सुनेने, आनंदीने, व्हाळाच्या पाण्यातून फिरून जायचं, आणि पावसाचे चार महिने तो व्हाळ माणसाला उतरू देत नाही. तुझंही मला कळतं. घर बांधायला सपाट जागा आहे ती वाटेच्या कडेलाच, आणि निवृत्त होऊन मुंबईहून आल्यावर अंगणातून परक्यांची ये-जा तुला नको.

सगळं अडलंय एका रेघेवर. आपल्या हद्दीचा एक दगड वर सड्यावरच्या कातळात, दुसरा खाली व्हाळाकाठी. मधला दगड आजोबांच्या वेळीच नाहीसा झाला. एका दगडापासून दुसरा दिसत नाही, मध्ये टेकाड आणि काजी. या दोन दगडांना जोडणारी रेघ वाटेच्या अलीकडून गेली तर वाट सरकारी पडजमिनीत, तिला कुणी हात लावू शकत नाही. पलीकडून गेली तर वाट आपल्यात, आणि तू ती बंद करू शकतोस.

सरकारी मोजणीला वर्ष लागेल, म्हणून दोन्ही बाजूंना मान्य असेल तो नकाशा चालेल, असं मामलेदार म्हणाले. तू लिहितोस, 'मथी मोजील, ती आपलीच आहे.' गंमत म्हणजे हौसाबाईनेही तिथं जाऊन हेच सांगितलंय, 'मथुरा करतली तर माका चलता.' तुम्हा दोघांनाही मी आपल्या बाजूची वाटते, भाई, आणि मला याचीच धास्ती वाटते. पण मोजीन. मोजून जे येईल ते काढीन, हे आत्ताच सांगून ठेवते.

तुझी,
मथी


घरून, ता. २ जून १९५८

ती. भाई,

नमस्कार. नकाशाची एक प्रत तुला आणि एक मामलेदार कचेरीत अशी आजच पाठवली. एका इंचाला चाळीस फूट असं प्रमाण आहे. वाट आपल्या हद्दीच्या बाहेर येते, साडेतीन फुटांनी.

तुला हे आवडणार नाही. मलाही बरं वाटलं असं नाही. पण रेघ जिथं गेली तिथं गेली.

काम एका दिवसात उरकलं, कारण पाऊस कधी येईल याचा नेम नव्हता. महादू मदतीला होता. तो माड चढतो तसाच काजीच्या जाळीतही शिरतो. कोयता पाठीमागे कमरेच्या आकडीला, आणि सपासप वाट मोकळी. सकाळी सड्यावरच्या दगडापाशी टेबल मांडलं, खाली वाटेपर्यंत साखळी ओढली, मग टेबल वाटेवर आणलं आणि तिथून व्हाळाकाठचा दगड धरला. ऊन असं होतं की कागद पांढराफटक दिसे, डोळ्यांतून पाणी. महादूने टेबलाला पाठ लावून माझ्यावर छत्री धरली आणि तासभर हलला नाही. वरची काठी तो उतरताना खांद्यावर टाकून घेऊनच आला होता. पुन्हा सडा चढायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं राहू दे, सुई आहे की. सुईनेही काम होतंच.

हौसाबाई दिवसभर कुंपणाआड बसून होती. संध्याकाळी तिने विचारलं, "मथुरा, तुजो कागद काय सांगता गो?" मी म्हटलं, घरी जाऊन शाईने काढल्यावर सांगेन. रात्री शाई वाळली तेव्हा मलाच खरं वाटेना. पण मी तिला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला कळायला हवं.

रागावलास तरी लिही.

तुझी,
मथी


घरून, ता. १६ नोव्हेंबर १९५८

ती. भाई,

नमस्कार. दिवाळी झाली, भाऊबीज झाली. तुझं कार्ड आलं ते त्याच्या आधी, आणि त्यात दोनच ओळी. 'निकाल कळला. तू हौसाबाईचीच बहीण शोभतेस.'

महिनाभर मी गप्प बसले. आता नाही बसवत.

मी तुला आधीच लिहिलं होतं, मोजून येईल ते काढीन. मामलेदारांनी नकाशा पाहिला, दोन्ही बाजूंची संमती पाहिली, आणि वाट अडवू नये असा हुकूम दिला. यात मी काय पाप केलं? खोटंच काढायचं असतं तर तुझ्या बाजूने नसतं काढलं? मला कोण विचारणार होतं? या गावात नकाशा वाचता येणारं दुसरं माणूस नाही. हौसाबाई माझी कोण लागते? तिचं आणि आईचं उभ्या जन्मात कधी पटलं नाही. पाण्याच्या कळशीवरून दोघी कशा भांडायच्या ते तू माझ्यापेक्षा जास्त पाहिलंयस.

हौसाबाईने निकालानंतर खटखटे लाडू आणून दिले. मी घेतले नाहीत. म्हटलं, माझ्यावर उपकाराचं ओझं ठेवू नकोस, मी तुझ्यासाठी काही केलेलं नाही. ती हसून म्हणाली, "तू नको म्हणतंस, पण माजा म्हातारपण सुटला गो बाये." आनंदीला आता सातवा आहे. सुईण आणायची झाली तरी त्याच वाटेने.

तुला नकाशावर विश्वास नसेल तर सरकारी मोजणी आण. मी भीत नाही. साखळी खोटं बोलत नाही, सुई खोटं बोलत नाही. वरच्या काठीचं म्हणशील तर तेवढ्याने काही बिघडत नाही. गंगाराम मास्तर जुन्या वळणाचे आहेत म्हणून इतके काटेकोर.

जानकीवहिनीचं पत्र आलं होतं. तू घराचा विषय काढू देत नाहीस म्हणते. माझा राग घरावर काढू नकोस. तू म्हटलं होतंस, सड्याचा वारा येईल अशी पडवी हवी. तशी जागा आपल्यात अजूनही आहे, थोडी चढावर आहे इतकंच. मी मोजून देते.

भाई, माझ्या आयुष्यात मी जे काही आहे ते तुझ्यामुळे आहे. म्हणूनच तुझ्याशी खोटं बोलण्याचा प्रश्न येत नाही. ही ओळ दोनदा वाच.

मथुरा


घरून, ता. ८ मार्च १९५९

ती. भाई,

नमस्कार. उत्तर नाही, तरी लिहिते. तू पत्रं फोडून वाचतोस असं वहिनीने कळवलंय, तेवढं पुरे.

इकडे सगळं ठीक. काजी मोहरल्यात. आनंदीला मुलगी झाली. सुईण वेळेवर पोचली. शिमग्याला या वर्षी सोंगं कमी आहेत, मुंबईची माणसं आली नाहीत.

मी दोन वेळा सडा चढून आले. सहजच. शाळेला सुट्टी होती.

महादू हल्ली माझ्यासमोर यायला बिचकतो. मी त्याच्यावर विनाकारण ओरडले. त्याची चूक नव्हती. कसली ते विचारू नकोस.

तुला एक विचारायचं होतं. समज, तुझ्या हापिसात एखाद्या कागदावर तुझ्या हातून चूक झाली, आणि त्या चुकीमुळे एखाद्या गरीब माणसाचं भलं झालं. चूक कुणालाच माहीत नाही. तर तू काय करशील? तू म्हणशील, माझ्या हातून चुका होत नाहीत. खरंच होत नसतील. राहू दे, उत्तर देऊ नकोस. तसाही तू देत नाहीसच.

मथुरा


घरून, ता. २९ मार्च १९५९

ती. भाई,

नमस्कार करायला हात उचलत नाही, पण करते.

माझा नकाशा चुकला होता. तुझं म्हणणं बरोबर होतं. वाट आपल्या हद्दीत आहे.

आता कसं कळलं ते सांगते. फेब्रुवारीत महादू शाळेचे माड उतरवायला आला होता. मी वर्गात टेबलावर होकायंत्राची पेटी उघडून ठेवली होती. पाणी प्यायला तो आत आला, टेबलाशी पाठमोरा उभा राहिला, आणि मान वळवून पेटीत बघून हसायला लागला.

"बाई, ही सुई माका बगून नाचता."

मी बघितलं. सुई उत्तर सोडून त्याच्या कमरेकडे वळली होती. आकडीला कोयता होता. मी त्याला दोन पावलं मागे जायला सांगितलं, सुई जागेवर आली. पुढे बोलावलं, सुई पुन्हा त्याच्याकडे.

"त्या दिसाय अशीच नाचलेली," तो म्हणाला. "छत्री धरलंय तेवा."

मी पेटीचं झाकण लावलं. "मगे तू तेवाच कित्याक बोलाक नाय?"

"माका वाटला यंत्राक मानूस कळता. तुमी शिकलेली बाई, तुमका काय सांगतलंय?"

त्यावर मी त्याला नाही नाही ते बोलले. तो गरीब माणूस कोयता उचलून निघून गेला. कोयता म्हणजे या लोकांचा हात. कुठल्याही कामाला निघताना तो कमरेला असायचाच, आणि तो लोखंडाचा आहे हे मला दिसायला हवं होतं, त्याला नव्हे. मी जर त्या दिवशी पुन्हा सडा चढून काठी रोवली असती आणि मागं बघितलं असतं, तर सुईने कितीही नाच केला तरी मला तो तिथंच दिसला असता. मला ऊन लागत होतं. पाय दुखत होते. आणि खरं सांगू? मला गर्व झाला होता. सव्वीस गुरुजींत मी पहिली आले होते, म्हणून मास्तरांचा मंत्र मला म्हाताऱ्याची किरकिर वाटला.

मग मी पुन्हा मोजलं. महादूची माफी मागितली, कोयता शाळेत ठेवायला लावला, सड्यावरच्या दगडापाशी काठी रोवून ठेवली आणि वाटेवरच्या टेबलावरून आधी ती काठी फटीत घेतली. एकदा नाही, तीन रविवार मोजलं. सुईचा फरक तीन अंशांचा होता. ऐकायला काहीच नाही. पण त्याने खालचा दगड कागदावर सोळा फूट सरकला होता, आणि वाटेपाशी रेघ आठ फूट. वाट बाहेर साडेतीन फूट नाही, आत साडेचार फूट आहे. तिन्ही वेळा तेच आलं. तिसऱ्या वेळी मी दुसरं काही यावं म्हणून मनातल्या मनात देवाला हाक मारली, हेही लिहून टाकते.

पहिल्या मोजणीपासूनच मला ठाऊक होतं. तरी तीन आठवडे मी तो कागद पेटीत लुगड्याखाली दडवून ठेवला. मधलं पत्र तुला लिहिलं ते याच दिवसांत. मी स्वतःला समजावत होते की भाईला मुंबईत घर आहे, हौसाबाईला ही एकच वाट आहे, मग रेघ चुकली तर चुकू दे. आनंदीची पोरगी पाळण्यात रडली की मला वाटे, हिच्यासाठी गप्प बसावं. पण नोव्हेंबरात मी तुला लिहिलं होतं, तुझ्याशी खोटं बोलण्याचा प्रश्न येत नाही. तेव्हा ते खरं होतं. आता ते खोटं ठरत चाललं होतं, आणि रोज थोडं जास्त.

काल मी आधी हौसाबाईकडे गेले. वाट तिची, तर पहिलं तिला कळायला हवं. ती ओटीवर तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं, सुई, कोयता, काठी. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"म्हणजे कोयतो महादूचो, चूक तुजी," ती म्हणाली, "आनी वाट माजी जाता."

मी म्हटलं, होय.

"तुका कोणी इचारूक इल्लो काय? तू गप रवलंस असतंस तर काय आभाळ पडणार होता?"

मी म्हटलं, भाई माझ्याशी बोलत नाही तो मी खोटा नकाशा काढला म्हणून, आणि तो नकाशा खोटाच निघाला.

"भाई बोलाक होयो, म्हणान मी व्हाळात पडूचा?" आता मात्र तिने सूप आपटलं. तांदूळ ओटीभर झाले. "जा तू हडसून. तुज्या शिकण्याक आग लागो."

आनंदी आतून पोरीला घेऊन आली. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला हौसाबाईचं बोलणं सोसलं, ते बघणं सोसवलं नाही.

नवा नकाशा या पाकिटात आहे. दुसरी प्रत मी उद्या मालवणला नेऊन देणार, सोबत माझ्या चुकीचा कबुलीअर्ज. हुकूम बदलेल. मग तू गडगा घालू शकशील. तुझा हक्क आहे आणि तो मी तुझ्याकडून चुकीने काढून घेतला होता, तो परत करते.

एवढंच मागते. नकाशा नुसता रेघांसाठी बघू नकोस. मी या वेळी त्यावर जे जे आहे ते सगळं काढलंय, नावानिशी. हौसाबाईचं घर काढलंय. व्हाळ काढलाय, आणि पावसात पाणी चढतं तिथपर्यंतची रेघही. बाकी तू मोठा आहेस.

मथुरा


घरून, ता. १७ मे १९५९

ती. भाई,

नमस्कार. परवा, पंधरा तारखेला, मामलेदारांनी दोन्ही बाजूंना बोलावलं होतं. तू आला नाहीस. तुला तिथं काय झालं ते कळायला हवं, म्हणून लिहिते.

हौसाबाई आणि मी एकाच एस.टी.ने मालवणला गेलो. ती पुढच्या बाकावर, मी मागच्या. दीड महिना ती माझ्याशी बोललेली नाही. वाटेत मी दिसले की डोक्यावरचा पदर पुढे ओढते. वाडीतली बाकीची माणसंही माझ्याशी बेताचंच बोलतात. त्यांच्या मते शहाणपण करायला गेले आणि गरिबाची वाट घालवली. मला त्यांचा राग येत नाही. मला स्वतःचाच येतो.

मामलेदारांनी माझा अर्ज वाचला. चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, कागद वाढवलात." मग पुकारा झाला. तुझ्या नावाने कुणी उभं राहिलं नाही. कारकून म्हणाला, मुंबईहून रजिस्टर पाकीट आलंय, आणि त्याने ते तिथंच फोडलं.

आत माझा नकाशा होता. बाकी काही नाही. माझ्यासाठी चिठ्ठी असेल म्हणून मी पुढे होऊन पाकीट मागितलं आणि उलटं करून झटकलं. दोनदा. कारकून बघत होता, मला त्याची लाजही वाटली नाही.

नकाशावर तू लाल पेन्सिलीने एक रेघ ओढली होतीस. सड्यावरच्या दगडापासून निघालेली, वाटेला वळसा घालून आपल्या बाजूला आत शिरलेली, आणि मग खाली व्हाळाकडे. वाट सगळीच्या सगळी रेघेच्या पलीकडे. खाली लिहिलं होतंस, 'या रेघेपलीकडे माझा हक्क नाही व यापुढे सांगणार नाही.' आणि सही.

मामलेदारांनी मला जवळ बोलावलं. "ही रेघ प्रमाणात आहे?"

मी म्हटलं, नाही.

"किती चुकली आहे?"

मी कोपऱ्यातली मोजपट्टी घेतली आणि लावून बघितली. वाट सोडायला पाच-सहा फूट पुरले असते. तू अठरा सोडले होतेस. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, सही आहे, आता रेघ आहे तशी घ्या. आणि मलाच ती शाईने पक्की करायला बसवलं.

हौसाबाई दारातून बघत होती. तिला वाटत होतं मी काहीतरी नवीन उपद्व्याप करतेय. मामलेदारांनी तिला सांगितलं, तुमची वाट राहिली, मालकाने स्वतःहून सोडली. तिने ते पुन्हा सांगायला लावलं. मग पुढे येऊन लाल रेघेवर बोट ठेवून मला विचारलं, "ही भाईन मारल्यान?" दीड महिन्यांनी माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द. मी मान हलवली. तिने ते बोट रेघेवरून वरपासून खालपर्यंत नेलं, शाई ओली होती ती बोटाला लागली. मामलेदार ओरडले, पण तिने ऐकलं नाही.

येताना ती माझ्या शेजारी बसली. कुंभारमाठचा थांबा गेल्यावर म्हणाली, "भाईक लिव, मे महिन्यात मुंबयेत कित्याक रवतंस म्हणान." तर तेही लिहिलं.

तू मला चिठ्ठी लिहिली नाहीस. ठीक आहे. वर्षभराचा राग एका पाकिटात संपत नाही, आणि मी काही कमी बोलले नव्हते. वहिनीने कळवलंय की तू तो नकाशा आठ दिवस भिंतीला टाचून ठेवला होतास आणि कामावरून आलास की त्याच्यासमोर उभा राहायचास. तिला वाटलं तू चुका शोधतोयस.

मी मात्र घरी आल्यापासून एकच गोष्ट बघतेय. प्रत समोर आहे. तुझ्या रेघेने वाटेबरोबर आपला फणसही पलीकडे टाकलाय, आईने लावलेला तो, विहिरीच्या बाजूचा. ज्याचे गरे तुला दर वर्षी डब्यातून पाठवायचे असतात आणि एक वर्ष चुकलं तर तू दोन महिने कुरकुरतोस. कागदावर तो वाटेपासून पाव इंच आत आहे. पहिल्यांदा मला वाटलं, तुझा हात घसरला. पेन्सिल जाड, तुला प्रमाण कळत नाही, असं होतं माणसाचं. मी कारकुनाला तसं लिहिणारही होते की एवढी जागा सुधारून घ्या, फणस त्यांना द्यायचा नसणार.

पण मग मी नीट बघितलं, भाई. पलीकडे आनंदीच्या पोरीचा पाळणा त्याच झाडाला टांगलेला असतो, आणि मी या वेळी सगळं नावानिशी लिहिलं होतं. झाडाशेजारी माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, 'फणस (आईचा), सध्या पाळणा.' तुझी रेघ त्या अक्षरांना वळसा घालून गेलीय. एका अक्षरालाही लागलेली नाही.

तुझी,
मथी